पोटातले 'कलेक्शन'

मराठी शिकवण्याचा धंदा पत्करल्यापासून मला एक खोड जडली आहे. कोणी बोलू लागले की तो काय सांगतो आहे याकडे माझे निम्मेच लक्ष असते. उरलेले निम्मे तो कोणते शब्द वापरतो आहे याकडे जाते. 'कलेक्शन' हा शब्द आपल्या घराघरांत कसा शिरला याचा एक पाढा मी वर्गात मोठ्या हौसेने वाचून दाखवीत असे. साड्यांच्या दुकानात पैठणीचे नवे कलेक्शन आलेले असते. सिनेमाचे पहिल्या आठवड्याचे कलेक्शन वर्तमानपत्रात छापून येते. गल्लीतली पोरे पावतीपुस्तक घेऊन गणपतीचे कलेक्शन करीत फिरतात, आणि ज्यांना पोस्टाच्या तिकिटांचा नाद असतो ते पाहुण्याला चहाच्या आधी आपले कलेक्शन दाखवतात. वर्ग हसत असे. २०२४ च्या जुलै महिन्यात एका तरुण सर्जनने मला बाजूला घेऊन सांगितले, "सर, दादांच्या पोटात कलेक्शन झालंय." त्या दिवसापासून तो पाढा मी बंद केला आहे.

ज्यांच्या घरी पोटाचे मोठे ऑपरेशन झाले आहे, त्यांच्यापैकी काहींनी हा शब्द ऐकला असेल. ऑपरेशन होऊन गेल्यावर पोटाच्या पोकळीत कोठेतरी द्रव साठून राहतो. तो नुसता पाण्यासारखा असेल, रक्त असेल, पित्त असेल, नाहीतर पू असेल. थोडासा साठा बहुधा शरीरच शोषून घेते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पण त्यात जंतू वाढू लागले की शरीर त्याच्याभोवती भिंत उभी करते आणि आत पुवाचे तळे होते. ही भिंत आपल्या हिताचीच असते. ती नसती तर ते विष पोटभर पसरते. मात्र भिंतीच्या आत औषधही नीटसे पोचत नाही, कारण औषध रक्तातून जाते आणि पुवाच्या तळ्यात रक्तवाहिन्या नसतात.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि दादा नुकता बँकेत लागला होता. त्याच्या पगारातून मी एम.ए. झालो, एवढे सांगितले म्हणजे पुढचे सारे मी कोणत्या मनाने सांगतो आहे हे लक्षात येईल. पुण्यातून पालखी निघाली की दादा दरवर्षी तिच्याबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालत जातो. त्या वर्षीही गेला. वय अठ्ठावन्न, वजन थोडे जास्त, गुडघे धरले. मग दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. औषधाच्या दुकानातून आपणच आणायच्या आणि आपणच घ्यायच्या, या आपल्या घरगुती पद्धतीने त्या पंधरा दिवस चालल्या. १७ जुलैला आषाढी एकादशी होती. त्या दिवशी उपास, चहा आणि गोळ्या, एवढ्यावर दादा राहिला. या जातीच्या गोळ्या जठराच्या आतले चिकट संरक्षक अस्तर कमी करतात, हे आता आमच्या घरातले लहान पोरही सांगेल. द्वादशीच्या पहाटे दादाच्या पोटात सुरी खुपसल्यासारखे झाले. पोट फळीसारखे घट्ट. जठराच्या पुढे लहान आतड्याचा जो आरंभ असतो तेथे भोक पडले होते. दुपारी ऑपरेशन झाले. भोकावर पोटातल्याच चरबीच्या पडद्याचे ठिगळ लावून सर्जनने ते बंद केले. या पडद्याला आपला जुना शब्द 'वपा' असा आहे. जेथे आग लागेल तेथे ही वपा आपण होऊन सरकत जाऊन चिकटते, म्हणून सर्जन मंडळी तिला 'पोटातला पोलीस' म्हणतात. पोलिसांविषयी इतके चांगले मी प्रथमच ऐकत होतो.

पहिले चार दिवस सारे बरे होते. पाचव्या रात्री दादाला उचकी लागली.

उचकी ती काय! पाणी पाजले, साखर दिली, श्वास रोखायला सांगितला. थांबेना. आई ऐंशीची आहे. ती म्हणाली, "अरे, कोणीतरी आठवण काढतंय," आणि नावे घ्यायला लागली. ज्याचे नाव घेताच उचकी थांबेल तो आठवण काढणारा, हे आपले जुने शास्त्र. आईने नागपूरच्या भाचीचे नाव घेतले, बँकेतल्या मित्रांची घेतली, सासवडला ज्यांच्या ओसरीवर दादा दरवर्षी टेकतो त्या म्हातारबुवांचे घेतले. प्रत्येक नावानंतर ती थोडी थांबे आणि दादाच्या तोंडाकडे पाही. दादाही मोठ्या कष्टाने हसत असे. दुसऱ्या रात्री नावे संपत आली तेव्हा ती गेलेल्या माणसांकडे वळली. मावशी झाली, आजोबा झाले. मग एकच नाव उरले. ते नाव तिने जन्मात घेतले नव्हते आणि त्या रात्रीही घेतले नाही. पण ते तिच्या मनात येऊन गेले हे मला दिसले, कारण तिने एकदम दादाचा हात घट्ट धरला आणि ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

त्याच दिवसांत दादाचा उजवा खांदा दुखू लागला होता. वहिनी बाम चोळीत. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येई आणि पहाटे घाम येऊन उतरे. पोटाच्या रोग्याचा खांदा का दुखावा, हे आम्हांला कोणालाच उमगले नाही. सर्जनला मात्र उचकी आणि खांदा हे दोन शब्द ऐकताच उमगले. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा पडदा असतो. त्याच्या खाली पू साठला की पडदा चिडतो आणि उचकी लागते. या पडद्याचा मज्जातंतू मानेतून निघून खाली येतो. त्यामुळे पडद्याचे दुखणे कधी कधी खांद्यावर बोलते. बाम तीन वीत दूर चोळला जात होता.

पुढे सारे स्थिरस्थावर झाल्यावर मी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सुश्रुतसंहिता काढून बसलो. निदानस्थानात विद्रधीचा अध्याय आहे. विद्रधी म्हणजे आजच्या भाषेत गळू, आणि शरीराच्या आत होतो तो अंतर्विद्रधी. त्याच्या लक्षणांत 'हिक्का' स्पष्ट सांगितली आहे. ज्या माणसाजवळ पोटाच्या आत पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते, त्याने रोग्याच्या उशाशी बसून उचकी ऐकली आणि पोटातल्या पुवाशी तिची गाठ घातली! त्याच सुश्रुताने गळवाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्चे गळू कापणारा आणि पिकलेले गळू तसेच ठेवणारा, दोघांचीही त्याने सारखीच कडक हजेरी घेतली आहे. कोठे आणि केव्हा कापायचे नाही, हे ज्याला कळते तोच खरा शल्यवैद्य, हे मला तो अध्याय वाचताना पटले. पण त्या आठवड्यात आमच्या घरात हे कोणाला पटवणे फार कठीण होते.

२५ जुलै २०२४ हा दिवस पुण्याच्या लोकांच्या लक्षात राहील. खडकवासल्याचे पाणी सोडले होते, मुठेला पूर आला होता, भिडे पूल पाण्याखाली होता आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले होते. मी लांबचा वळसा घेऊन दवाखान्यात पोचलो तेव्हा दादाची सोनोग्राफी होऊन गेली होती आणि सीटी स्कॅनची तयारी चालली होती. लिटरभर पाण्यात औषध मिसळून त्याला घोट घोट पाजीत होते. ते औषध आतड्यातून गेले की चित्रात आतडे पांढरे उमटते. नाहीतर आतड्याचे वेटोळे कोणते आणि पुवाची थैली कोणती, हे ओळखताना जाणत्याचीही फसगत होते.

संध्याकाळी सर्जनने आम्हांला पडद्यावर ते चित्र दाखवले. यकृताच्या माथ्यावर, श्वासाच्या पडद्याखाली, चंद्रकोरीसारखा एक करडा साठा. त्याच्या कडेला उजळ रेघ आणि आत हवेचे दोन बुडबुडे. रुंदी नऊ सेंटिमीटर.

"पण पोट धुतलं होतं ना तुम्ही?" वहिनींच्या धाकट्या भावाने विचारले. तो इंजिनीयर आहे आणि त्याचा आवाज चढला होता.

"धुतलं होतं. सात लिटरनं," सर्जन शांतपणे म्हणाले. मग त्यांनी एका कागदावर पोट काढले. मोठ्या आतड्याच्या उजव्या अंगाला पोटात एक उभी खोलगट वाट असते. शरीरशास्त्रवाले तिला जे इंग्रजी नाव देतात त्याचा अर्थ सरळ 'पन्हळ' असा होतो. माणूस उताणा झोपला की ओटीपोट आणि यकृतामागची खाच या दोन जागा सर्वांत खोल होतात. शिवाय प्रत्येक श्वासाला पडदा वरखाली होतो आणि त्याच्या ओढीने द्रव त्या पन्हळीतून वर वर चढत यकृताच्या माथ्याशी जाऊन बसतो. धुतल्यानंतर जे चार थेंब राहतात, त्यांना जंतूंसाठी तेवढी जागा पुरते. भोक पडल्यावर पोटात जी घाण पसरली होती तिचा हा मागे राहिलेला हिशेब होता. ठिगळ मात्र घट्ट बसले होते; आतड्यातून पाजलेले औषध कोठेही बाहेर गळले नव्हते.

सगळ्यांना हे पटले असे नाही. आत्या दुपारपासून येऊन बसली होती. तिच्या मते पोटात कापूस राहिला होता. तिच्या ओळखीत एका बाईच्या पोटात असाच राहिला होता. वहिनींचा भाऊ रोग्याला मुंबईला हलवायच्या गोष्टी बोलू लागला. आणि सर्जनने जेव्हा सांगितले की मी पुन्हा पोट उघडणार नाही, रेडिओलॉजिस्ट बाहेरूनच एक बारीक नळी घालतील, तेव्हा तर सर्वांचा संशय बळावला. आपल्या मध्यमवर्गीय मनाची ही गंमत आहे. सर्जनने कापतो म्हटले की आपल्याला तो पैशासाठी कापतो असे वाटते, आणि कापत नाही म्हटले की तो काहीतरी झाकतो आहे असे वाटते! "एवढा मोठा पू, आणि नळी केवढी?" आत्याने विचारले. सर्जनने बॉलपेनाची रिफिल काढून दाखवली. याच्याहून थोडी जाड. आत्याने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी अजून विसरलो नाही.

सर्जनने कारणे सांगितली ती अशी. ऑपरेशनानंतर आठव्या दिवशी पोटातली आतडी एकमेकांना चिकटलेली आणि सुजलेली असतात. ती ओल्या कागदासारखी फाटतात. एक तळे काढायला जावे आणि दोन नवी भोके पडावी, असे होऊ शकते. शिवाय तापाने खंगलेल्या माणसाला पुन्हा पूर्ण भूल द्यायची. आतडे गळत असते, पू पोटभर पसरला असता, आतड्यांच्या वेटोळ्यांत ठिकठिकाणी अडकला असता, किंवा सुईला जायला सुरक्षित वाट नसती, तर पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता. साठा अगदी लहान असता तर नुसत्या औषधावरही वाट पाहिली असती. दादाचा साठा मोठा होता, एकच होता आणि तेथवर जायला वाट होती. नळीने भागले नाही तर मी पोट उघडायला आहेच, हेही ते म्हणाले. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत प्रामाणिक वाटले.

सही वहिनींनी केली. सही करताना त्यांनी कोणाला विचारले नाही. भावालाही नाही आणि मलाही नाही. "भाऊजी, पेन द्या," एवढेच म्हणाल्या.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण त्या रात्री जागत बसलो असता मला एका राजाची आठवण झाली. इंग्लंडचा सातवा एडवर्ड २६ जून १९०२ रोजी राज्याभिषेक करून घेणार होता. देशोदेशीचे राजेरजवाडे लंडनला जमले होते. आणि राजाच्या पोटात अपेंडिक्सपाशी पू झाला. राजा ऑपरेशनाला तयार होईना. अभिषेक होऊ द्या म्हणाला. शेवटी २४ जूनला फ्रेडरिक ट्रीव्हज नावाच्या सर्जनने बकिंगहॅम राजवाड्यातच त्याचे पोट उघडले. विशेष असे की त्याने अपेंडिक्स काढलेच नाही. पुवाला वाट करून दिली आणि तो थांबला. राजा बरा झाला आणि ९ ऑगस्टला त्याला राज्याभिषेक झाला. साम्राज्याचा खोळंबा झालेला असताना, सगळे जग पाहत असताना, एवढेच करून हात आवरायचा याला छाती लागते. ट्रीव्हजला सुश्रुताने शाबासकी दिली असती असे मला वाटते.

पण राजाचे गळू पोटाच्या खालच्या भागात, हाताला लागेल असे होते. श्वासाच्या पडद्याखालचे गळू ही त्या काळी सर्जनची सत्त्वपरीक्षा असे. ते नेमके कोठे आहे हेच कळत नसे. काही वेळा पाठीकडून बाराव्या बरगडीचा तुकडा काढून आत वाट करावी लागे. आत डोकावता येऊ लागले ते फार पुढे. सीटी स्कॅनचे यंत्र ज्याने बनवले तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हता. ईएमआय या कंपनीत तो इंजिनीयर होता. ईएमआय म्हणजे भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या काढणारी ती कंपनी. आपल्या वाडवडिलांनी जिच्या तबकड्यांवर नाट्यसंगीत ऐकले, तिच्याच कारखान्यातून हे यंत्र निघाले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विंबल्डनच्या एका रुग्णालयात त्याने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. १९७९ मध्ये हाउन्सफील्डला नोबेल पारितोषिक मिळाले, अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर विभागून. तोवर साऱ्या शरीराची चित्रे निघू लागली होती, आणि १९८१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी पोटातल्या पुवाचा नळीने निचरा करण्याचा आपला पाच वर्षांचा अनुभव छापून काढला. म्हणजे आमच्या आत्याला अगदीच नवी आणि बिनभरवशाची वाटणारी ही रीत माझ्या वयाहूनही थोडी थोरली आहे.

२६ तारखेला सकाळी दादाला नेले. त्याआधी रक्त गोठण्याची तपासणी झाली होती. आम्ही दाराबाहेर. दारावर लाल दिवा आणि आतून ध्वनिक्षेपकाचा आवाज : श्वास घ्या... रोखा... सोडा. दादाला पूर्ण भूल दिली नव्हती. नुसती कातडी आणि तिच्याखालचा भाग बधिर केला होता. आत काय झाले ते रेडिओलॉजिस्टांनी मागाहून मला चित्रे दाखवून समजावून दिले. हे गृहस्थ अबोल होते, पण मी शब्द विचारू लागलो तसे खुलले.

सारी कला वाट निवडण्यात आहे. फुप्फुसाभोवती जे आवरण असते ते पाठीकडे आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ खाली उतरलेले असते. सरळ बरगड्यांमधून सुई घालावी तर ती या आवरणातून जाते आणि पोटातला पू छातीत शिरण्याची भीती असते. म्हणून त्यांनी लांबची वाट धरली : बरगड्यांच्या खालून आत, आणि मग तिरपे वर. आदल्या दिवशी पुलावर पाणी म्हणून मीही वळसा घेतला होता, पण माझ्या वळशात चुकले असते तरी कोणाचे काही बिघडले नसते. दर दोन बोटे सुई पुढे गेली की थांबायचे, चित्र घ्यायचे, टोक कोठे आहे ते पाहायचे आणि मग पुढे.

सुई तळ्यात पोचली की तिच्या पोकळीतून एक मऊ टोकाची तार आत सारायची. मग सुई काढून घ्यायची. तार आतच राहते. तारेवरून वाट थोडी थोडी रुंद करायची, तारेवरूनच नळी आत सरकवायची आणि शेवटी तार काढून घ्यायची. परकराच्या नेफ्यात नाडी ओवणाऱ्या कोणत्याही बाईला ही युक्ती समजेल. ती शोधून काढली स्वेन सेल्डिंगर नावाच्या एका तरुण स्वीडिश डॉक्टरने, स्टॉकहोममध्ये, रक्तवाहिन्यांत नळ्या घालण्यासाठी. १९५३ मध्ये ती छापली गेली. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात या युक्तीवाचून एक दिवस जात नाही. पण तिच्यावर प्रबंध लिहावा म्हटले तेव्हा त्याच्या वरिष्ठांनी त्याला सांगितले की एवढ्याशा गोष्टीवर प्रबंध होत नाही. त्याला दुसरा विषय घ्यावा लागला. एम.ए.वर थांबलेल्या माणसाला अशी गोष्ट ऐकून किती बरे वाटते हे प्राध्यापकांच्या बायकांना विचारावे!

नळीचे टोक आत गेल्यावर वाटोळे वळते, म्हणजे ती सहजी निसटत नाही. तिला 'पिगटेल' म्हणतात. पिगटेल म्हणजे डुकराचे शेपूट. वहिनींनी विचारले तेव्हा मी 'वेणी' असा अर्थ सांगितला. इंग्रजीत तोही होतो. आणि नळीची जाडी मोजतात 'फ्रेंच'मध्ये, पॅरिसच्या शारिएर नावाच्या हत्यारे बनवणाऱ्या कारागिराच्या मापाने : तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. दादाची नळी बारा फ्रेंच, म्हणजे चार मिलिमीटर. तिच्यातून त्यांनी पहिल्या बैठकीला एकशे ऐंशी मिलिलिटर पू ओढून काढला. थोडा तपासणीला पाठवला, जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते ते पाहायला. दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या कुशीला एक नळी आणि नळीला एक पिशवी होती. वहिनींनी ती पिशवी पाहिली आणि पदर नाकाला न लावता जवळ जाऊन नीट उलगडून ठेवली.

त्या रात्री उचकी थांबली. ताप दोन दिवसांनी उतरला.

येथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. नळी घालणे अर्ध्या तासाचे काम; निचरा होणे हे दिवसांचे काम. वहिनींनी एक शाळकरी वही केली. तारीख, सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, पिशवीत किती. परिचारिका सकाळ-संध्याकाळ नळीत दहा मिलिलिटर मीठपाणी सोडून ती साफ करी. तेवढे वजा करून वहिनी आकडा मांडीत. ऐंशी, साठ, पन्नास. आणि २९ तारखेला एकदम पाच. आम्ही सारे खूश. आत्याने तर पेढ्यांची गोष्ट काढली. वहिनी मात्र वही धरून बसल्या होत्या. "भाऊजी, हा आकडा मला पटत नाही. काल पन्नास होते. विहीर अशी एका रात्रीत आटत नाही." संध्याकाळी दादाला पुन्हा हुडहुडी भरली.

पू आटला नव्हता. नळी तुंबली होती. आतला घट्ट चोथा तोंडाशी बसला होता. पिशवी रिकामी असणे ही एका दिवशी आनंदाची गोष्ट असते आणि दुसऱ्या दिवशी धोक्याची, आणि कोणती कोणत्या दिवशी हे ताप सांगतो, पिशवी सांगत नाही. वहिनींच्या भावाने त्या रात्री मुंबईच्या दवाखान्याशी बोलणे लावले. मी त्याला दोष देत नाही. आई देवासमोर बसून होती आणि दादा मला म्हणाला, "तुझ्या वहिनीला त्या लॉकरचं सांगून ठेवलंय मी." त्याचा आवाज अगदी हिशेबी होता. मी बाहेर जाऊन बराच वेळ पावसाकडे पाहत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी रेडिओलॉजिस्टांनी पुन्हा चित्र घेतले. नव्याने सुई टोचावी लागली नाही. जुन्याच नळीतून तार घातली, नळी काढली आणि त्याच तारेवरून चौदा फ्रेंचची जाड नळी बसवली. सेल्डिंगरचे उपकार दुसऱ्यांदा. त्या दिवशीचा वहीतला आकडा एकशे दहा आहे. त्याच्याखाली वहिनींनी दोन रेघा ओढल्या आहेत. मग सत्तर, चाळीस, पंचवीस, वीस. या वेळी आकडा पायऱ्या उतरावा तसा उतरत गेला आणि ताप परत आला नाही. मुंबईची गोष्ट आपोआपच मागे पडली.

४ ऑगस्टला, दिव्यांच्या अवसेच्या दिवशी, दादा नळी आणि पिशवीसकट घरी आला. घरी कसे सांभाळायचे ते वहिनींना शिकवून ठेवले होते. पिशवी नेहमी कुशीच्या खाली राहिली पाहिजे, नळीला पीळ पडता कामा नये, अंघोळ करताना जागा कोरडी राहिली पाहिजे. आईने घासूनपुसून दिवे मांडले होते. दादा पिशवी सदऱ्याआड लपवू लागला तेव्हा ती म्हणाली, "लपवतोस काय? तिनंच तर वाचवलंय."

आठ, आठ, सहा. सोनोग्राफीत तळ्याची जागा मिटलेली दिसली. नळी काढायला शुक्रवार दिला. शुक्रवारी नेमकी नागपंचमी होती, ९ ऑगस्ट. आईने साफ सांगितले, "आज चिरायचं नाही, कापायचं नाही. उद्या काढा म्हणावं." दादाने तिच्यादेखत रेडिओलॉजिस्टांना फोन लावला. ते गृहस्थ आईशी स्वतः बोलले. "आजी, काही चिरायचं नाही. नुसती ओढायची आहे. दोन मिनिटांचं काम."

खरोखरच दोन मिनिटे लागली नाहीत. आतले वेटोळे सैल केले, दादाला श्वास सोडायला सांगितला आणि नळी सरळ होऊन बाहेर आली. टाका घालायचाही नव्हता. भोकावर कापसाची घडी आणि चिकटपट्टी. नळी जागची हलू नये म्हणून कातडीला एक टाका मारून ठेवलेला होता, तो तेवढा कात्रीने कापावा लागला. ते आईला आम्ही कोणीच सांगितले नाही.